पुसानची नऊ कार्डं

अमेरिकेत कुणाचे आईवडील आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची आम्हा मराठी लोकांची एक ठरलेली यादी आहे. कुणी केली, देव जाणे, पण पाळतात सगळे. लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, नायगारा, वॉशिंग्टन आणि वाटेत ते चॉकलेटचं गाव. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात भेंडी निवडताना एखादी ओळखीची काकू भेटली की तिचा पहिला प्रश्न, "बाबांची लिबर्टी झाली का?" तान्ह्या पोराचं विचारतात ना, पोलिओ झाला का, गोवर झाला का, अगदी तसंच. नाही म्हटलं तर आपणच अपराधी. हो म्हटलं तर लगेच पुढचा डोस, "मग नायगारा कधी?"

२००६ च्या उन्हाळ्यात माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत आयसेलिनला आले, तेव्हा मीही ही यादी फ्रिजवर चिकटवली. आई जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. नवऱ्याने हॉटेलं बुक केली, मी सुट्ट्या टाकल्या, आणि आम्ही बाबांना घेऊन निघालो. बाबा कुठेच उतरेनात.

नायगाराला पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथं थांबतो."

"अहो बाबा, सात तास ड्राइव्ह करून आलोय!"

"आवाज येतोय की इथवर. ऐकतो मी."

वॉशिंग्टनला त्या पांढऱ्या घुमटासमोर आमच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बाकावर बसून राहिले. लिबर्टीला तर कहरच केला. आम्ही जर्सीच्या बाजूने बोट पकडली. बेटावर अख्खी बोट रिकामी झाली, आणि हे आपले मागच्या कठड्याला धरून उभे. पुतळ्याकडे पाठ करून लांबवर बंदरातल्या क्रेनी बघत होते. मी म्हटलं, "बाबा, पुतळा इकडे आहे." मान वळवून म्हणाले, "दिसला. मोठा आहे." संपली लिबर्टी. नवरा हसू दाबत होता, आणि मी मात्र आतल्या आत धुमसत होते. माझा स्वतःचा एक फोटो होता त्याच पुतळ्यासमोरचा, २००२ च्या हिवाळ्यातला, लाल कोटातला. आईने तो गावाकडे शोकेसमध्ये लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. तिला दाखवायचं राहिलं, आणि ज्यांना दाखवत होते त्यांना बघायचंच नव्हतं!

मला वाटायचं, हा माज आहे. सगळं जग पाहून झालेल्या माणसाला आमच्या पुतळ्याचं काय कौतुक?

कारण बाबा जहाजावर होते. दापोलीकडचं आमचं खाडीकाठचं गाव, आणि बाबा मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये. दहा महिने बाहेर, दोन महिने घरी. वाडीतली इतर पोरं बापाला अरे-तुरे करायची. आम्ही 'अहो बाबा' म्हणायचो, पाहुण्याला म्हणावं तसं. त्यांचं जहाज दर वर्षी दुरुस्तीसाठी कोरियातल्या पुसान बंदरात लागायचं. आता नकाशावर बुसान लिहितात, आमच्या घरात पुसानच होतं. बाकीच्या बंदरांतून बाबांची साधी पत्रं यायची, खुशाली आणि सही. पुसानहून मात्र रंगीत कार्ड यायचं. अशी नऊ कार्डं आली. आईने ती दापोलीच्या साडीवाल्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती, आणि माझी तोंडपाठ होती.

एकावर मोठा वाळूचा किनारा, रंगीबेरंगी छत्र्यांनी भरलेला. मागे बाबांचं अक्षर, 'हा हेउंडेचा समुद्र. बंदराबाहेर पडलं की चालत दहा मिनिटांवर आहे. रोज संध्याकाळी जातो. वाळू पिठासारखी मऊ.' एकावर टेकडीवरचा मनोरा. 'वर चढून गेलो होतो. सगळं शहर पायाखाली दिसतं.' एकावर मासळीबाजार, एकावर समुद्रात उतरणारा काळा कडा. कड्याच्या कार्डावर लिहिलं होतं, 'इथं वारा इतका की टोपी उडाली.' मी शाळेत ही टोपी उडाल्याची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली होती.

आणि याच कार्डांमुळे वाडीत कुजबुज सुरू झाली. दर वर्षी पुसान, दर वर्षी रंगीत कार्ड, रोज संध्याकाळी फिरायला! शेजारची एक बाई एकदा अंगणात कुळीथ पाखडता पाखडता आईच्या तोंडावर बोलली, "पुसानला दुसरं बिऱ्हाड असेल गो तुझ्या घोवाचं." आई हसली. म्हणाली, "असूदे. जेवून-खाऊन असतील ना तिथं, बरंच की." मी बारा वर्षांची होते. मी नाही हसले. मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला, आहे. दुसरं बिऱ्हाड आहे.

बाबा घरी आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेवायला वाढताना, आई एकदा तरी म्हणायची, "मला एकदा तो समुद्र दाखवा हो तुमचा."

बाबा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "काय आहे तिथं? गर्दी नुसती. आपला समुद्र काय वाईट आहे?"

दर वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. मी समोर बसून बाबांच्या तोंडाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बघा कसे टाळतायत.

शेवटच्या आजारपणात आईने ती पिशवी उशाशी मागून घेतली होती. मी तीन आठवड्यांची रजा काढून गेले होते. मला विचारायचं होतं, आई, तुला काय वाटतं, होतं का गं ते बिऱ्हाड? पण मरणाच्या दारात असलेल्या बाईला हे कोणत्या तोंडाने विचारायचं? ती गेली, पिशवी मी माझ्यासोबत घेऊन आले, आणि प्रश्नही.

म्हणून बाबांचं परतीचं तिकीट मी मुद्दाम कोरियामार्गे काढलं. मध्ये तीन दिवस पुसान, मी सोबत जाणार, मग ते पुढे मुंबईला आणि मी परत. सगळ्यांना सांगितलं, बाबांना सरप्राइज आहे, त्यांची जुनी जागा दाखवते. मैत्रिणी म्हणाल्या, किती गोड! गोड कसलं? सापळा होता तो. मला तिथं त्यांचा चेहरा बघायचा होता. कुठल्या गल्लीपाशी पाय अडखळतो, कुठल्या दाराकडे बघायचं टाळतात, ते बघायचं होतं. आता ते एकटे, थकलेले. पुढची दहा-पंधरा वर्षं त्यांचं सगळं मलाच करायचं होतं, आणि ज्या माणसापायी आई झुरली असं मी समजत होते, त्याचं मन लावून करणं मला जमत नव्हतं. कळायलाच हवं होतं. आहे तर आहे, नाही तर नाही.

बाबांना तिकीट दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. "कशाला हे? कॅन्सल कर."

"होत नाही कॅन्सल," मी धडधडीत खोटं बोलले.

"मग तू जाऊन ये. मी इथं थांबतो."

"बाबा, ते तिकीट तुमचं आहे!"

यावर ते उठून बाल्कनीत जाऊन बसले. माझा संशय पक्का झाला.

बाबांनी येताना आईचा शालू आणला होता, मला द्यायला. पेटीत पडून पडून त्याला कुबट वास लागला होता. आमच्या अपार्टमेंटपासून चालत पंधरा मिनिटांवर एका कोरियन जोडप्याची ड्रायक्लीनिंगची लॉन्ड्री होती. मालकीणबाई साठीच्या, शांत. आमच्या भागातल्या बायकांमुळे त्यांना साड्यांची घडी घालायला छान जमायला लागलं होतं. मी शालू घेऊन निघाले तर बाबा म्हणाले, चल, येतो. मला वाटलं, दाराशी थांबतील.

दाराशी थांबले, पण मिनिटभरच. आतून वाफेचा आवाज येत होता. बाबांनी कान टवकारले, काउंटरची फळी उचलली आणि सरळ आत! मी हाका मारतेय, "अहो बाबा, असं जायचं नसतं!" आत जाऊन पाहते तर बाबा बॉयलरच्या पाइपापाशी उकिडवे बसलेत आणि मालकीणबाईंच्या नवऱ्याला आपल्या जहाजी इंग्लिशमध्ये सांगतायत, हे सांध्यातलं गॅस्केट गेलंय, वाफ गळतेय, आठवड्याभरात फुटेल. त्या माणसाने डोक्याला हात लावला. मग दोघांनी मिळून पाना घेतला. नायगाराला न उतरलेला माणूस तासभर त्या घामट खोलीत रमला. बाहेर आले तेव्हा बाही काळी झालेली, आणि चेहऱ्यावर काय तेज! आमच्या यादीतलं एकही ठिकाण त्यांना एवढं आवडलं नव्हतं. त्यानंतर ते रोजच लॉन्ड्रीत जायला लागले, एकटे, चालत, तोच एक सरळ रस्ता धरून.

त्या दुकानात एक कॅलेंडर होतं, समुद्रावरच्या लांबलचक पुलाचं. शालूची चौकशी करायला गेले असताना मी सहज विचारलं, कुठलं चित्र? मालकीणबाई म्हणाल्या, "बुसान. आमचं गाव."

साक्षीदार मिळाला! पुसानपर्यंत जायचीसुद्धा गरज नव्हती. पुढच्या शनिवारी शालू आणायला जाताना मी ती पिशवी पर्समध्ये टाकली. बाबांना काही बोलले नाही.

बाबा आत बॉयलरपाशी होते. मी काउंटरवर नऊच्या नऊ कार्डं पसरली, बाबांनी तिथून पाठवलेली म्हणून सांगितलं. मालकीणबाईंनी चष्मा लावला, एकेक कार्ड उचलून जवळून पाहिलं, आणि हसायलाच लागल्या. त्यांचं इंग्लिश तुटक, पण बोलणं एकदम स्वच्छ. म्हणाल्या, हेउंडे? ते बाहेरच्या लोकांसाठी. छत्रीला छत्री लागलेली, वाळू दिसत नाही. आम्ही कधीच जात नव्हतो. मनोरा? तो नवीन लग्न झालेल्यांसाठी, वर गेलं की शहर दिसतं आणि शहरातून मनोरा दिसतो, बस. बाजारात पुढच्या दुकानात बसायचं नाही, तोंड बघून भाव सांगतात, मागच्या गल्लीत जायचं, जिथं माझी मावशी जायची. किनारा बघायचा असेल तर दादेपो, ओहोटीला, पाणी लांब जातं आणि पोरं खेकडे धरतात. असं म्हणत त्यांनी लॉन्ड्रीच्या एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहायलाच घेतलं. डाव्या बाजूला फुल्या, उजव्या बाजूला काय बघा ते. मला गंमत वाटली. म्हणजे प्रत्येक गावाची एक फ्रिजवरची यादी असते, आणि गावातली माणसं तिथं जात नाहीत.

आवाज ऐकून बाबा हात पुसत बाहेर आले. काउंटरवरची कार्डं दिसली आणि जागीच थांबले.

मालकीणबाई आनंदून म्हणाल्या, "तुम्ही बुसानला होता? नऊ वेळा? हेउंडेला जायचा? कसे जायचा?"

बाबांच्या आधी मीच म्हटलं, "चालत. बंदरापासून दहा मिनिटं. रोज संध्याकाळी." कार्डावर तसंच लिहिलेलं होतं.

त्या पुन्हा हसल्या. "चालत? नाही नाही. बंदर एका टोकाला, हेउंडे दुसऱ्या टोकाला. त्या काळी बसने तास लागायचा."

बाबांनी खाली पाहिलं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी काय केलं? दुकानात, परक्या माणसांसमोर, मोठ्याने मराठीत सुरू झाले. "तास लागायचा म्हणतायत त्या! रोज संध्याकाळी कुठं जात होता मग? आईला नऊ वर्षं कार्डं पाठवून बनवलंत? सारी वाडी बोलत होती, तिला काय वाटत असेल याचा विचार केलात कधी? कोण होती तिथं? सांगा ना, कोण होती?"

मालकीणबाईंना शब्द कळले नसतील, पण काय चाललंय ते कळायला भाषा लागत नाही. त्या हळूच शालू आणायला आत गेल्या. बाबा म्हणाले, "बाहेर चल."

दुकानाबाहेर पार्किंगच्या कडेला एक बाक होता. भर दुपार, ऑगस्टचं ऊन. बाबा बसले. मी उभीच राहिले.

"कोणी नव्हती," ते म्हणाले.

"मग?"

"मी कधी उतरलोच नाही गो बाय."

मला कळेना. "कुठं उतरला नाहीत?"

"पुसानला. गोदीच्या फाटकाबाहेर कधी गेलोच नाही मी. नऊच्या नऊ वेळा."

मग त्यांनी सांगितलं. आयुष्यात इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते. जहाजावरचं पहिलं वर्ष, वय बावीस. जपानमधलं एक बंदर. चार जणांबरोबर बाहेर पडले, गर्दीत चुकामूक झाली. पाटी वाचता येईना, विचारायला भाषा नाही, फाटकाचा नंबर लक्षात नाही. दुपारपासून दिवे लागेपर्यंत चालत राहिले. शेवटी एका भिंतीशी बसून रडत होते तेव्हा पोलिसांनी उचलून जहाजावर आणून सोडलं. त्यांच्यापायी जहाज खोळंबलं होतं. कॅप्टनने सगळ्यांसमोर झापलं, आणि पुढे ते जहाज सोडेपर्यंत पोरं त्यांना 'पार्सल' म्हणायची. पार्सल आलं का, पार्सलवर पत्ता लिहा रे.

"त्यानंतर फाटक दिसलं की मी माघारी वळायचो. पुसानला जहाज वीस-वीस दिवस गोदीत. सगळे नटून-थटून निघायचे. मी म्हणायचो, तुम्ही जाऊन या, मी इथं थांबतो. कुणीतरी थांबायला लागतंच. एक म्हातारा जहाजावर मोजे, टोप्या आणि कार्डं विकायला यायचा. त्याच्याकडचं चांगलं बघून एक घ्यायचो. पोरं येऊन सांगायची ते मागे लिहायचो. टोपी उडाली ती दुसऱ्याची."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझा नवरा जग फिरतो, पण फाटकाबाहेर जायला घाबरतो?"

"लोक म्हणत होते दुसरं बिऱ्हाड आहे!"

"ठाऊक होतं मला."

"आणि गप्प बसलात?"

बाबा खाली बघत म्हणाले, "खोटं नाही बोलणार. मला ते जरा बरंच वाटायचं. निदान माणूस उतरतो तरी, असं लोकांना वाटत होतं."

मी काय सांगू मला काय झालं! त्या क्षणी मला बाबांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बाई ठेवली असती तर मी एकवेळ समजून घेतलं असतं. पण भित्रा म्हणवून घ्यायच्या भीतीने या माणसाने आपल्या बायकोला सवतीच्या संशयात जळू दिलं? आणि त्याच वेळी तो भिंतीशी बसून रडणारा बावीस वर्षांचा पोरगाही डोळ्यांपुढून हलेना. मला रडू आलं. रागाचं होतं की कसलं, मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात मालकीणबाई शालू घेऊन बाहेर आल्या. पिवळी चिठ्ठीही हातात होती. चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती. म्हणाल्या, हे सगळ्यात चांगलं. योंगदो. तिथं डोंगराच्या उतारावर माझ्या आईचं घर होतं. टूरिस्ट कुणी जात नाही, बघण्यासारखं काही नाही, फक्त समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. लहानपणी आम्ही पायरीवर बसून त्यांच्याकडे बघायचो आणि म्हणायचो, त्यातली माणसं किती नशीबवान, सगळीकडे फिरतात.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं. मी नाक पुसत मराठीत सांगितलं.

"तो डोंगर माहिताय मला," बाबा म्हणाले. "त्याच्यावर घरं होती. पोरं दिसायची पायरीवर." त्यांनी मालकीणबाईंना नमस्कार केला. त्यांनीही वाकून केला आणि त्या आत गेल्या.

मी बाबांशेजारी बसले. शालू मांडीवर होता, प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्रीने अजून कोमट. शालूकडे बघत बाबांनी विचारलं, "तो कोट कुणाचा होता गो?"

"कुठला कोट?"

"लिबर्टीच्या फोटोतला. लाल."

ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा अर्धीच सांगितली होती. २००१ च्या अखेरीला कंपनीने आम्हाला बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवलं, मग पगार बंद, मग लेऑफ. पाच मुली एका अपार्टमेंटमध्ये, आणि मी महिनाभर घराबाहेर पडले नव्हते, कुणी विचारेल म्हणून. आईला फोनवर सांगायचे, सगळं मस्त चाललंय, प्रोजेक्ट मोठा आहे. तिला खरं वाटावं म्हणून एका रविवारी रूममेटचा कोट मागून घेतला आणि पुतळ्यासमोर हसत फोटो काढून पाठवला.

"रूममेटचा," मी म्हटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही. तुझ्या आईला. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या तुझ्या. मला दाखवून म्हणाली, पोरीचं काहीतरी बिघडलंय, कोट मागून घातलाय. मी म्हटलं, फोन लावून विचारतो. तर म्हणाली, विचारू नका. असं विचारलं की माणूस आणखी खोटं बोलतं. मी तिला म्हणत राहीन, मला दाखव ते. मनात येईल तेव्हा आपणहून सांगेल."

आणि ती म्हणत राहिली होती. दर फोनला. नोकरी मिळाल्यावर, लग्न झाल्यावर, इथं घर मांडल्यावरही. "मला ते लिबर्टी दाखवशील का गो एकदा?" तोवर सगळं सुरळीत झालं होतं, तिकीट काढणं काही कठीण नव्हतं. पण ती आली असती तर त्या पुतळ्यासमोर उभी राहून कोटाचं विचारलं असतं, असं मला उगाच वाटायचं, आणि मी पुढे ढकलत राहिले. मी तिला काय सांगायचे ते मला शब्दन् शब्द आठवतं. "काय आहे तिथं आई? गर्दी नुसती."

मी बाबांकडे पाहिलं. तेही माझ्याकडे बघत होते. आम्हाला दोघांना एकदमच कळलं असावं.

"बाबा, तिला कार्डांचंही कळलं होतं?"

"आता वाटतं तसं," बाबा म्हणाले. "दर वर्षी वाढताना विचारायची ना."

ते रडले नाहीत. शालूच्या पिशवीवर हात ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, "ते तिकीट कॅन्सल करता येतं, बाबा. मी खोटं बोलले." ते म्हणाले, "असूदे." मग थोड्या वेळाने, "आधी इथलं जमतंय का बघू."

त्यांच्या मनात काय होतं ते पुढच्या रविवारी कळलं. सकाळी स्वतःच बूट घालून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "लिबर्टीला जाऊ." नवऱ्याने काही न विचारता गाडी काढली.

बोट बेटाला लागली. अख्खी बोट पुन्हा रिकामी झाली. बाबांनी मागच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. धक्क्यावरचा माणूस दोरखंड हातात घेऊन आमच्याकडे बघत होता. बाबा म्हणाले, "तू पुढं हो." मी म्हटलं, "नाही. मी इथंच थांबते." किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांनी एक हात सोडला, मग दुसरा, आणि फळीवर पाय ठेवला. सत्तरीचा माणूस, कपाळावर घाम, फळी संपेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही. फरशीवर आल्यावर दहा-बारा पावलं चालले आणि थांबले. पुतळा बरोबर समोर होता. माझा फोटो काढला होता ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर होती.

मी पर्समधून कॅमेरा काढला. "बाबा, उभे राहा तसेच. फोटो काढते."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कशाला?" ते म्हणाले. "आता पाठवायचा कुणाला?"